छाती दाबणारी यंत्रे: गोव्यात कुठे हवीत, कुठे नकोत

संपादक महोदय,

धडधाकट माणूस चालताबोलता कोसळून गेल्याची बातमी आली की गोव्यात चार दिवस एकच प्रश्न विचारला जातो: परदेशातल्या व्हिडिओंत दिसते तसे आपोआप छाती दाबणारे यंत्र आपल्या १०८ रुग्णवाहिकांत का नाही? प्रश्न रास्त आहे. पण सगळ्या गाड्यांत सरसकट ही यंत्रे बसवणे म्हणजे पैसा वाया घालवणे होईल, आणि सराव न देता बसवली तर रुग्णाला अपायही होईल. यंत्र कुठे उपयोगी पडते, कुठे नाही आणि बसवताना नेमके काय बिघडते, हे खरेदीची निविदा निघण्याआधी लोकांना कळावे म्हणून हे लिहीत आहोत.

आधी एक घोळ निस्तरू. हार्ट अटॅकचा रुग्ण शुद्धीवर असतो, छातीत दुखते म्हणून सांगतो, घामाघूम होतो. कार्डियाक ॲरेस्टमध्ये हृदयाचे ठोकेच बंद पडतात. माणूस हाक मारली तरी उठत नाही, त्याचा श्वास चालत नाही, किंवा पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा मधूनच आ वासतो. हे आ वासणे म्हणजे श्वास चालू आहे असे समजून लोक थांबतात आणि तिथेच पहिली मिनिटे हातची जातात. यंत्राचा विषय येतो तो या दुसऱ्या रुग्णासाठी, पहिल्यासाठी नव्हे.

मोठ्या माणसाची छाती दर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायची आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. दाबताना रक्त मेंदूकडे आणि अंगात ढकलले जाते. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत मात्र रक्त मुख्यतः छाती वर येताना शिरते. म्हणून दोन दाबांच्या मध्ये हाताचा भार छातीवर रेलून ठेवला तर दाब कितीही खोल असला तरी हृदय उपाशीच राहते. उत्तम रीतीने दाबले तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाचा पाव ते एक-तृतीयांश हिस्साच मिळतो. तोही एकदम मिळत नाही. लागोपाठ बरेच दाब दिल्यावर धमन्यांतला दाब हळूहळू चढतो आणि हात थांबला की काही सेकंदांत कोसळतो. पुन्हा सुरुवात केली की चढण पहिल्यापासून. हृदयाच्या धमन्यांतला हा दाब १५ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली राहिला तर हृदय परत सुरू होण्याची आशा फारशी नसते. पुढचे सगळे या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

माणसाची अडचण म्हणजे तो थकतो. एक-दोन मिनिटांतच दाब उथळ होऊ लागतो आणि दाबणाऱ्याला ते जाणवतही नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. यंत्र थकत नाही, या एका गुणावर त्याची सगळी भिस्त आहे.

जगात मुख्यतः दोन प्रकारची यंत्रे वापरात आहेत. एक पिस्टनचे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या नावाने ओळखले जाणारे ल्युकास हे त्यातले सर्वांत परिचित. पाठीखाली एक पाटी, तिला दोन्ही बाजूंनी अडकणारी कमान, आणि कमानीतून खाली येणारा पिस्टन, त्याच्या टोकाला रबरी सक्शन कप. वजन सुमारे ८ किलो, मिनिटाला १०२ दाब, खोली ५.३ सेंटीमीटर, एका बॅटरीवर साधारण ४५ मिनिटे. म्हणजे एका बॅटरीत साडेचार हजारांहून जास्त दाब. दुसरा प्रकार पट्ट्याचा, ऑटोपल्स. यात रुग्णाला फळीवर निजवून छातीभोवती रुंद पट्टा आवळतात. मोटर तो मिनिटाला ८० वेळा घट्ट करते आणि छातीची जाडी सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते.

तिसरे एक हातानेच चालवायचे साधन आहे आणि त्याचा उगम मजेशीर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक हकिकत छापली: एका मुलाने संडास मोकळा करायच्या रबरी प्लंजरने बापाची छाती दाबून-ओढून त्याला जगवले होते. त्यातूनच छाती दाबण्याबरोबर वर ओढणारा हातपंप तयार झाला. श्वासाच्या नळीला जोडायची एक झडपही आहे. छाती वर येताना ती हवा आत घुसू देत नाही, त्यामुळे छातीत किंचित पोकळी निर्माण होते आणि शिरांतले रक्त हृदयाकडे जास्त ओढले जाते. नुसत्या झडपेचा फायदा २०११ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत हातपंप आणि झडप दोन्ही एकत्र वापरल्यावर मेंदू शाबूत राहून घरी गेलेल्यांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर गेले. साधन स्वस्तातले आहे, पण हाताने ओढणे दाबण्यापेक्षा दमवणारे आहे. हृदय सुरू होताच झडप काढायची असते. ती तशीच राहिली तर स्वतःहून श्वास घेऊ पाहणाऱ्या रुग्णाला प्रत्येक श्वासासाठी झगडावे लागते.

आता मुख्य मुद्दा. हाताने दाबण्यापेक्षा यंत्राने जास्त माणसे वाचतात का? नाही. ल्युकासच्या २०१४ च्या लिंक चाचणीत २,५८९ रुग्ण होते. चार तासांनंतर जिवंत असलेले यंत्राच्या गटात २३.६ टक्के, हाताच्या गटात २३.७ टक्के. ब्रिटनमधल्या २०१५ च्या पॅरामेडिक चाचणीत ४,४७१ रुग्ण होते; तीस दिवसांनी जिवंत असलेले यंत्राच्या गटात ६ टक्के, हाताच्या गटात ७ टक्के. विजेच्या शॉकने सुधारू शकणारा ठोका ज्यांचा होता, त्यांच्यात तर यंत्राचा गट मागेच पडला. त्या चाचणीत यंत्राच्या गटातल्या सुमारे ६० टक्के रुग्णांनाच ते प्रत्यक्ष लावले गेले, हेही सांगितले पाहिजे. पट्ट्याच्या यंत्राची २००६ ची ॲस्पायर चाचणी निकाल उलटा जातोय असे दिसल्यावर मध्येच थांबवली. घरी गेलेले रुग्ण हाताच्या गटात ९.९ टक्के आणि यंत्राच्या गटात ५.८ टक्के होते. पुढे २०१४ च्या सर्क चाचणीत तेच यंत्र, बसवण्याची पद्धत सुधारून वापरले, तेव्हा ते हाताच्या बरोबरीला आले. यंत्राची जात तीच होती, बदलली ती बसवण्याची रीत. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि युरोपियन रिससिटेशन कौन्सिल दोघेही म्हणूनच सांगतात की सरसकट वापर नको; हाताने दाबणे अशक्य किंवा धोक्याचे असेल तिथे यंत्र वापरा.

बसवताना काय बिघडते ते नीट पाहू, कारण खरेदीच्या चर्चेत हा भाग कोणी काढतच नाही. दोघांची जोडी आहे असे धरू. पहिला पोचताक्षणी हाताने दाबू लागतो आणि दुसरा आधी डिफिब्रिलेटरचे, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या उपकरणाचे, पॅड लावतो. यंत्र नंतर. हा क्रम चुकला की पहिला शॉक लांबतो आणि शॉकला लागणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता कमी करते: छाती दाबणे चालू नसेल तर ७ ते १० टक्क्यांनी, चालू असेल तर त्याहून कमी. पॅड लावतानाच ते सक्शन कपाच्या जागेपासून दूर ठेवायचे. वायर कपाखाली आली तर पिस्टन तिच्यावर घाव घालत राहतो. मग पिशवी रुग्णाच्या डोक्याशी उघडून यंत्र चालू करायचे. स्वतःची तपासणी करून घ्यायला त्याला काही क्षण लागतात, ते हाताने दाबणे चालू असतानाच उरकावेत.

यंत्र बसवताना हाताने दाबण्यात दोनदा खंड पडतो. पहिला खंड पाटी सरकवण्यासाठी. खांदे किंचित उचलून पाटी काखेच्या थेट खाली घालायची. ती वर मानेकडे गेली की पिस्टन गळ्याकडे सरकतो आणि खाली गेली की पोटावर येतो. पाटी गेली की लगेच पुन्हा हात छातीवर. दुसरा खंड कमानीसाठी. आपल्या बाजूचा पाय आधी अडकवायचा, मग पलीकडचा, दोन्हीकडे ‘टक्’ ऐकू आले पाहिजे आणि कमान एकदा वर ओढून पाहायची. एकच बाजू अडकलेली असताना यंत्र सुरू केले तर ते तिरपे दाबते. मग दोन बोटांनी कप खाली आणायचा, त्याची खालची कड छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाच्या जरा वर येईल अशी टेकवायची, जागा पक्की करायची आणि सुरू. दोन्ही खंड प्रत्येकी दहा सेकंदांच्या आत बसले पाहिजेत. न सरावलेल्या हातांकडून तीस-चाळीस सेकंद सहज जातात. तेवढ्यात मघाशी म्हटलेला धमन्यांतला दाब शून्यावर येतो आणि पुढे यंत्राने कितीही इमानेइतबारे दाबले तरी गेलेले परत मिळत नाही.

एवढे करून काम संपत नाही. मानेमागून जाणारा पट्टा लगेच बांधला नाही तर दर दाबाबरोबर यंत्र पायांकडे सरकते आणि दहा मिनिटांनी पिस्टन यकृतावर आदळत असतो. म्हणून कपाच्या कडेने छातीवर पेनने खूण करायची आणि दर दोन मिनिटांनी ती पाहायची. गोव्यातल्या पावसात किंवा घामाने छाती ओली असेल तर कप घसरतो, म्हणून आधी टॉवेलने पुसायची. जेल किंवा तेल लावायचे नाही. बरगड्या हाताने दाबतानाही मोडतात, त्याला घाबरून दाब कमी करू नये. जागा चुकल्याने होणारी इजा वेगळी आणि ती टाळता येते. फार बारीक छातीवर कपातले पॅड टेकतच नाही, यंत्र इशारा देऊन सुरू होत नाही. फार रुंद छातीवर कमान अडकत नाही. लहान मुलांना ते लावायचेच नाही. अशा वेळी यंत्राशी झटापट न करता बाजूला ठेवून हाताने चालू ठेवणे, हेही सरावात शिकवावे लागते.

मग गोव्यात ते हवे कुठे? आमच्या मते काणकोण, सांगे, धारबांदोडा, सत्तरी आणि पेडणे इथल्या आधुनिक रुग्णवाहिकांत आधी. काणकोणहून मडगाव चाळीसेक किलोमीटर आणि मध्ये करमल घाट. मोल्याकडची आणि चोर्ल्याची वळणे वेगळीच. धावत्या गाडीत दाबणारा कर्मचारी पट्टा न बांधता, एक हात छातीवर आणि एक छताच्या दांडीला, असा उभा असतो. वळणावर त्याचा दाब उथळ होतो, गतिरोधकावर तो रुग्णावर पडतो, आणि अपघात झाला तर आधी तोच भिरकावला जातो. इथे यंत्राचा पहिला फायदा कर्मचाऱ्याला आहे आणि तो पुरेसा आहे. फेरीबोटीवर गाडी उभी असते, तिथे हाताने दाबता येते. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को या भागांतल्या गाड्यांना इस्पितळ जवळ असते. तिथे जागेवरच नीट दाबून, शॉक देऊन, हृदय सुरू झाल्यावर नेणे बहुतेकांच्या हिताचे.

दुसरी जागा बांबोळीच्या गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासून उघडण्याची खोली. अँजिओप्लास्टी चालू असताना हृदय थांबले तर क्ष-किरणांच्या झोतात उभे राहून कोणी किती वेळ दाबणार? यंत्र लावून डॉक्टर धमनी उघडण्याचे काम चालू ठेवू शकतात. पिस्टनचा डोलारा सरळ चित्रात आडवा येतो, म्हणून क्ष-किरणांचे यंत्र तिरके फिरवून चित्रे घ्यावी लागतात. त्याचाही सराव हवा. तिसरी जागा जिल्हा इस्पितळांचे तातडीचे विभाग. फुप्फुसात गुठळी अडकून हृदय थांबले आणि गुठळी विरघळवण्याचे औषध दिले, तर ६० ते ९० मिनिटे दाबत राहावे लागू शकते. रात्रपाळीला तेवढी माणसे असतात कुठे?

किनाऱ्यांवर मात्र ही यंत्रे नकोत. कळंगुट-बागा असो की पाळोळे, बुडालेल्या माणसाचे हृदय प्राणवायूअभावी थांबलेले असते. त्याला आधी श्वास हवे असतात आणि यंत्र श्वास देत नाही. वाळूत पाटी एका बाजूने रुतते, ओल्या छातीवर कप धरत नाही. जीवरक्षकांकडे मास्क लावलेली, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग, प्राणवायूचा सिलिंडर, उलटी ओढून काढणारे सक्शन आणि छाती पुसून लावायचा एईडी (सामान्य माणसालाही वापरता येणारा डिफिब्रिलेटर) असला म्हणजे बुडालेल्याची खरी सोय झाली.

इस्पितळांच्या वॉर्डांसाठी यापेक्षा किती तरी स्वस्त गोष्टी आधी व्हाव्यात. मऊ गादीवर दाबताना बराचसा दाब गादीच खाते. पाठीखाली कडक फळी हवी. छातीवर ठेवायच्या चकतीवजा मापकाने खोली आणि वेग दिसतो, पण गादीखाली फळी नसेल तर तोही गादीचे दबणे धरून खोली फुगवून दाखवतो, हे वापरणाऱ्याला माहीत असले पाहिजे. श्वासाच्या नळीला जोडलेला, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ तर प्रत्येक तातडीच्या विभागात हवाच. हा कार्बन डायऑक्साइड १० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल तर दाबणे कमी पडते आहे. अचानक वर उसळला तर हृदय सुरू झाल्याची खूण. यंत्र चालू असतानाही दाब योग्य जागी पडतोय का, हे त्याच्यावरून कळते.

आणि एका यंत्राच्या किमतीत बरेच एईडी येतात. बाजार, कदंब बसस्थानके, जत्रांची मंदिरे, फेस्ताच्या चर्च, पंचायत घरे इथे ते असावेत. कुलूपबंद कपाटात नव्हे, आणि बॅटरीची व पॅडची मुदत पाहण्याचे काम एका नेमलेल्या माणसाकडे. मोटारसायकल पायलट (दुचाकी टॅक्सीचालक), बसवाहक, फेरीबोटीचे कर्मचारी यांना तोंडाने श्वास न देता फक्त छाती दाबण्याची पद्धत अर्ध्या दिवसात शिकवता येते. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्यांसाठी २०१७ पासून तीच सुचवली आहे. १०८ चा फोन उचलणाऱ्याने गाडी पोचेपर्यंत फोनवरच ‘दाबा, मोजा, थांबू नका’ असे चालू ठेवले पाहिजे. यंत्र दारात येईपर्यंत दहा मिनिटे कोणी हात लावला नसेल तर ते कोणासाठी लावायचे?

निविदेबद्दल चार शब्द. नुसते ‘यंत्र, नग इतके’ असे लिहू नये. प्रत्येक यंत्रामागे दोन जादा बॅटऱ्या, चार्जर, गाडीच्या वीजजोडणीची वायर, मानेचा पट्टा आणि मनगटे बांधायचे पट्टे, शिवाय पुरेसे सक्शन कप. कप एका रुग्णाला एकच, धुऊन पुन्हा नाही. सगळीकडे एकच बनावट, नाहीतर काणकोणची बॅटरी सांग्याच्या यंत्रात बसत नाही. बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी लागते, तिचा खर्च आताच धरावा. वैशाखात उन्हात बंद उभ्या गाडीतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि एवढ्या उष्णतेसाठी ही यंत्रे बनवलेली नाहीत. बॅटरी केबिनच्या सावलीत किंवा तळावर चार्जरवर ठेवावी. पावसाळ्यात खारट दमट हवेने जोडणीचे धातू हिरवे पडतात, म्हणून देखभालीचा करार पावसाळ्याआधीच्या तपासणीसह हवा. प्रत्येक पाळीच्या जोडीला पुतळ्यावर, घड्याळ लावून, महिन्यातून एकदा सराव: दोन्ही खंड दहा सेकंदांच्या आत आले नाहीत तर ती जोडी यंत्र वापरणार नाही, इतके स्पष्ट लिहावे.

एक अवघड बाजूही आहे. हात थकले की माणसे थांबण्याचा विचार करतात. यंत्र आपोआप थांबत नाही. बाहेर नातेवाइकांना छाती वरखाली होताना दिसते आणि त्यांना वाटते माणूस धरून आहे. कोसळताना कोणी पाहिले नाही, कोणी छाती दाबली नाही, एकदाही शॉकची गरज लागली नाही आणि जागेवर पूर्ण प्रयत्न करूनही हृदय सुरू झाले नाही, अशा रुग्णाला यंत्र लावून सत्तर किलोमीटर बांबोळीला नेण्यात अर्थ नाही. कुठे थांबायचे याचा लेखी नियम आरोग्य खात्याने यंत्र येण्याआधी करावा आणि तो सांगण्याची जबाबदारी डॉक्टरवर असावी, रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यावर नव्हे.

यातली नवी यंत्रे किती वेळ दाबले आणि मध्ये किती सेकंद खंड पडला, याची नोंद स्वतः ठेवतात. ती दर घटनेनंतर उतरवून घ्यावी आणि वर्षातून एकदा चार आकडे जाहीर करावेत: यंत्र किती जणांना लावले, बसवताना सर्वांत मोठा खंड किती सेकंदांचा, पहिला शॉक किती मिनिटांनी, आणि किती जण स्वतःच्या पायांनी घरी गेले.

आपले,
आपत्कालीन वैद्यकीय सेवेशी संबंधित काही वाचक,
फोंडा, गोवा